साक्ष, भाषांतर आणि शिक्षा : 'नीलदर्पण' आणि जेम्स लाँग

१

मिशनरी लेखनाकडे मराठी समीक्षा प्रामुख्याने दोन वाटांनी गेली आहे. एक वाट व्याकरणे, कोश, छापखाने, शाळा आणि 'ज्ञानोदय'सारखी नियतकालिके यांच्या मोजदादीची आहे. दुसरी धर्मांतर आणि वसाहतवादी वर्चस्व यांच्या संबंधांची आहे. पहिल्या वाटेने जाणाऱ्याला मिशनरी हा अर्वाचीन गद्याचा उपकारकर्ता दिसतो, दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याला साम्राज्याचा सौम्य मुद्रेचा हस्तक. दोन्ही निष्कर्षांना पुरेसे आधार आहेत. परंतु या दोन्ही वाटा एका प्रश्नाला वळसा घालून जातात. धर्मप्रसारासाठी परदेशी गेलेला माणूस जेव्हा तेथील दारिद्र्य पाहतो, आणि हे दारिद्र्य दैवाचे वा अज्ञानाचे नसून आपल्याच वंशाच्या, आपल्याच धर्माच्या माणसांनी पद्धतशीरपणे निर्माण केलेले आहे हे त्याच्या ध्यानात येते, तेव्हा त्याच्या लेखनाचे काय होते?

हा प्रश्न नीतीचा आहे तितकाच रूपाचाही आहे. दारिद्र्याचे वर्णन करण्यासाठी मिशनरी गद्याजवळ एक तयार साचा होता. एतद्देशीयांचे दैन्य हे त्यांच्या धर्माचे फळ आणि सुवार्ता हा त्यावरील उपाय, असा तो साचा. शोषक ख्रिस्ती निघाला की हा साचा मोडतो. मग लिहिणाऱ्यासमोर दोनच पर्याय उरतात : एक तर पाहिलेले विसरायचे, नाही तर दुसरे रूप शोधायचे. चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री जेम्स लाँग यांनी १८६१ मध्ये शोधलेले रूप असे होते की त्यात त्यांचे स्वतःचे लेखन जवळजवळ नव्हतेच. त्यांनी दुसऱ्याने लिहिलेल्या एका बंगाली नाटकाचे तिसऱ्याने केलेले इंग्रजी भाषांतर छापून घेतले, त्याला लहानशी प्रस्तावना जोडली, आणि त्यासाठी एक महिन्याचा तुरुंगवास भोगला. दीनबंधू मित्र यांच्या 'नीलदर्पण' या नाटकाची ही कथा बंगाली वाङ्मयेतिहासात सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू ती पुन्हा सांगण्याचा नाही. परक्या देशातील शोषणाची साक्ष देणाऱ्या लेखनाचे सामर्थ्य कोठे असते आणि त्याची मर्यादा कोठे सुरू होते, हे या प्रकरणाच्या आधारे तपासता येते. तेवढेच येथे करावयाचे आहे.

२

निळीच्या शेतीचे अर्थकारण समजल्याशिवाय नाटकही समजत नाही आणि मिशनऱ्यांची कोंडीही. खालच्या बंगालमध्ये, विशेषतः नदिया आणि जेसोर जिल्ह्यांत, युरोपीय निळवाले रयतेच्या जमिनीवर रयतेकडूनच नीळ लावून घेत. लागवडीपूर्वी रयतेला 'दादन' म्हणजे मराठीत ज्याला उचल म्हणतात ती रक्कम दिली जाई आणि तिच्याबरोबर करारावर अंगठा घेतला जाई. नीळ कोठीवर पोचली की तिचा भाव कोठीवालाच ठरवी, पेंढ्यांचे मापही त्याचेच असे आणि जमीन मोजण्याची काठीही त्याचीच असे. बी, गाडीभाडे, मुद्रांक आणि कोठीवरील कारकुनांचे हात ओले करणे हे सर्व वजा झाल्यावर रयतेच्या पदरी बाकीच राही. ती पुढील वर्षाच्या उचलीत मिसळली जाई आणि बापाचे देणे मुलाच्या नावावर चढे. भातासाठी उत्तम असलेल्या जमिनीत नीळ पेरण्याची सक्ती होत असल्याने प्रश्न पैशाचा न राहता अन्नाचा होई. नकार देणाऱ्यांसाठी कोठीवर लाठीवाले होते, गोदामे होती, आणि पुष्कळदा शेजारच्या साहेबाचा स्नेही असलेला मॅजिस्ट्रेटही होता.

कृष्णनगरच्या परिसरात चर्च मिशनरी सोसायटीचे जे मिशनरी काम करीत, त्यांत अनेक जण मूळचे जर्मन होते. १८३८-३९ च्या सुमारास या भागात कर्ताभजा पंथातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली होती. त्यामुळे मिशनऱ्याच्या मंडळीतील माणूस आणि निळवाल्याच्या वहीतील ऋणको हे बऱ्याचदा एकच असत. १८५५ मध्ये कलकत्त्यास भरलेल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या परिषदेत कृष्णनगर भागातील शुर या मिशनऱ्याने एक निबंध वाचला. त्याचा विषय होता निळीच्या शेतीपद्धतीचा ख्रिस्ती धर्माच्या प्रसारावर होणारा परिणाम. या विषयाची मांडणीच बोलकी आहे. रयतेचे हाल हा येथे स्वतंत्र विषय नाही; तो धर्मप्रसारातील अडथळा म्हणून विचारात घेतला जातो. ज्या धर्माचा साहेब गोदामात कोंडतो, त्याच धर्माचा साहेब देवळात क्षमेची शिकवण देतो. मग त्या धर्मावर विश्वास कोणी ठेवावा, अशी मिशनऱ्यांपुढची अडचण होती.

या भूमिकेला 'अडथळ्याचा युक्तिवाद' म्हणता येईल. तो क्षुद्र नव्हता. त्याच्यामुळेच मिशनऱ्यांना आपल्या देशबांधवांविरुद्ध बोलण्याचे अधिकृत कारण मिळाले, आणि मायदेशीच्या समित्यांनाही ते समजू शकले. परंतु या युक्तिवादात पीडिताचे दुःख स्वतःच्या बळावर उभे राहू शकत नाही. त्याला अर्थ येतो तो मिशनऱ्याच्या कार्याच्या संदर्भात. रयतेचे हाल थांबवावेत ते एवढ्यासाठी, की तिला सुवार्ता ऐकता यावी. दुःख हे साधन होते आणि साक्ष देणारा त्या दुःखाचा मालक.

याच काळात मिशनऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले होते. १८५६ मध्ये त्यांनी बंगाल सरकारकडे अर्ज केला. बंगालमधील सामान्य प्रजेच्या एकूण स्थितीची चौकशी व्हावी, तीत जमीनदारी, पोलीस, न्यायदान आणि नीळ या साऱ्यांचा विचार व्हावा, अशी त्यांची मागणी होती. सरकारने ती नाकारली. या अर्जाची व्याप्ती लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढे 'नीलदर्पण' प्रकरणात ती कशी आक्रसत गेली हे पाहणे आवश्यक ठरेल.

३

जेम्स लाँग यांचा जन्म १८१४ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात झाला. १८४० मध्ये ते कलकत्त्यास आले आणि १८७२ मध्ये मायदेशी परतले. कलकत्त्याजवळच्या ठाकुरपुकुर येथे त्यांचे ठाणे होते. परंतु इतर मिशनऱ्यांपासून त्यांना वेगळे करणारी गोष्ट म्हणजे देशी भाषेतील छापील मजकुराविषयीची त्यांची असाधारण जिज्ञासा. १८५५ मध्ये त्यांनी सुमारे १४०० बंगाली पुस्तकांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. पुढे बंगाली म्हणींचे संग्रह केले. पंचांगे, किस्से, प्रहसने, बाजारात दोन पैशांना विकली जाणारी चोपडी असे सारे त्यांनी गोळा केले. १८५७ नंतर हा छंद न राहता एक राजकीय सिद्धान्त बनला. उठाव राज्यकर्त्यांना अनपेक्षित वाटला, याचे कारण देशी वृत्तपत्रे आणि पुस्तके काय बोलत होती हे त्यांनी ऐकलेच नाही, असे लाँग यांचे प्रतिपादन होते.

येथे एक सूक्ष्म पण निर्णायक स्थित्यंतर दिसते. अडथळ्याच्या युक्तिवादात मिशनरी पाहतो आणि बोलतो. लाँग यांच्या भूमिकेत तो प्रथम वाचतो आणि ऐकतो. रयतेच्या दुःखाचा पुरावा तो स्वतःच्या दैनंदिनीत शोधत नाही. देशी भाषेत ते दुःख आधीच बोलले गेले आहे, हे तो गृहीत धरतो. साक्षीदाराची जागा तो श्रोत्याच्या, सूचीकाराच्या आणि प्रकाशकाच्या जागेशी बदलतो.

या भूमिकेचा वसाहतवादी अर्थही नाकारता येणार नाही. प्रजेच्या मनात काय चालले आहे हे राज्यकर्त्यांना आधी कळावे, म्हणजे राज्य सुरक्षित राहील, हा हेतू लाँग यांनी लपविलेला नाही. देशी वाङ्मयाची सूची हे प्रेमाचे काम आहे तसे पाळतीचेही आहे. तथापि हेतू पाळतीचा असला तरी ऐकण्याच्या कृतीचा परिणाम हेतूपाशी थांबत नाही. जे ऐकले ते छापून राज्यकर्त्यांच्याच भाषेत त्यांच्या टेबलावर ठेवले, की पाळतीचे साधन आरोपपत्र बनू शकते. १८६१ मध्ये नेमके हेच घडले.

४

'नीलदर्पण' १८६० मध्ये ढाक्याहून प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या दीनबंधू मित्रांना कामानिमित्त जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडावे लागे. ते स्वतः सरकारी नोकर असल्याने नाव गाळणे भाग होते. १८५९ पासून नदिया-जेसोरच्या रयतेने नीळ पेरण्यास सामूहिक नकार दिला होता. सरकारने १८६० मध्ये कराराचा भंग हा फौजदारी गुन्हा ठरविणारा तात्पुरता कायदा केला आणि त्याच वर्षी सेटन-कार यांच्या अध्यक्षतेखाली नीळ आयोगही नेमला. नाटक या उकळत्या काळात लिहिले गेले.

कथानक स्वरपूर नावाच्या गावातील गोलोक बसू यांच्या सधन कुटुंबाभोवती फिरते. थोरला मुलगा नवीनमाधव रयतेची बाजू घेतो म्हणून निळवाले वुड आणि रोग हे त्या कुटुंबामागे लागतात. वृद्ध गोलोकला खोट्या खटल्यात गोवले जाते आणि तो तुरुंगात गळफास लावून घेतो. साधुचरण या रयतेची गरोदर मुलगी क्षेत्रमणी हिला कोठीवर पळवून नेले जाते. नवीनमाधव आणि तोराप तिला सोडवतात, पण ती वाचत नाही. नवीनमाधव मारहाणीत मरतो, त्याची आई वेडी होते. शेवटच्या अंकात प्रेतांची रास पडते. शोकात्मिकेपेक्षा अतिनाट्याकडे झुकलेली ही रचना आहे, हे बंगाली समीक्षेने फार पूर्वीच नोंदविले आहे.

नाटकाचे खरे बळ त्याच्या भाषेत आहे. भद्र कुटुंबातील पात्रे संस्कृतप्रचुर, पुस्तकी बंगालीत बोलतात आणि त्यामुळे निर्जीव वाटतात. तोराप, साधुचरणचा भाऊ रायचरण, पदी मयराणी ही पात्रे गावच्या बोलीत बोलतात आणि त्यांच्या प्रवेशाबरोबर रंगभूमी जागी होते. गोदामात कोंडलेल्या रयतेचा प्रवेश या दृष्टीने मध्यवर्ती मानला पाहिजे. गोलोक बसूविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून या माणसांना डांबले आहे. ज्याने आपल्याला आधार दिला त्याच्याशी बेइमानी करणार नाही, ही तोरापची भूमिका आहे, आणि माराखाली दिलेला त्याचा होकार तोंडदेखला आहे. म्हणजे 'साक्ष कोण देतो आणि कोणाच्या दबावाखाली' हा प्रश्न नाटकाच्या आतच मांडलेला आहे. पुढे मॅजिस्ट्रेटच्या कचेरीचा प्रवेश येतो, त्यात निळवाला न्यायाधीशाच्या शेजारी बसलेला आहे. रयतेची खरी साक्ष ऐकली जात नाही आणि खोटी साक्ष गोदामात तयार होते, एवढ्यावर हे दोन्ही प्रवेश उभे आहेत.

इंग्रजी भाषांतरात या रचनेचे काय झाले? भाषांतर 'एका एतद्देशीयाने' केले, एवढेच मुखपृष्ठावर होते. हा एतद्देशीय म्हणजे मायकेल मधुसूदन दत्त, अशी परंपरा आहे. तीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ते कोणीही केलेले असो, त्यात बोलींचा भेद पुसला गेला आहे. तोराप आणि नवीनमाधव एकाच सपाट, पुस्तकी इंग्रजीत बोलतात. ज्या आवाजामुळे मूळ संहितेत रयत ही स्वतंत्र जाणीव म्हणून उभी राहते, तोच आवाज लक्ष्यभाषेत हरवतो. रयत काय बोलते ते पोचते, ती कशी बोलते ते पोचत नाही. परिणामी मूळ नाटकात जो बोलणारा कर्ता होता, तो भाषांतरात सहन करणारा विषय होतो. ज्या लाँग यांनी देशी आवाज ऐकविण्यासाठी हा खटाटोप केला, त्यांच्याच हातून तो आवाज असा क्षीण व्हावा, ही या प्रकरणातील पहिली विसंगती होय.

मात्र एवढ्यावरून भाषांतर निष्फळ ठरविता येत नाही. मूळ बंगाली नाटक कित्येक महिने बाजारात होते. कोणाही इंग्रज संपादकाला त्याने अस्वस्थ केले नव्हते. तेच शब्द इंग्रजीत येताच ते बदनामीकारक ठरले. याचा अर्थ शब्दांचे सामर्थ्य केवळ त्यांच्या आशयात नव्हते, ते कोणासमोर उच्चारले गेले यात होते. भाषांतराने आवाजाचा पोत गमावला आणि त्या मोबदल्यात श्रोता मिळविला. साक्षीच्या वाङ्मयात हा व्यवहार टाळता येत नाही. त्याचा हिशोब मात्र प्रामाणिकपणे ठेवावा लागतो.

५

भाषांतराच्या ५०० प्रती छापल्या गेल्या. त्यांपैकी २०२ प्रती बंगाल सरकारच्या सचिवालयातून सरकारी टपालाने रवाना झाल्या. त्या वेळी सचिव असलेल्या सेटन-कार यांना यामुळे पुढे पद सोडावे लागले. निळवाले आणि 'इंग्लिशमन' पत्राचे संपादक यांच्या वतीने खटला भरण्यात आला. मुद्रक मॅन्युएल याने लाँग यांचे नाव सांगितले आणि जुलै १८६१ मध्ये कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात सर मॉर्डंट वेल्स यांच्यापुढे लाँग आरोपी म्हणून उभे राहिले. २४ जुलै १८६१ रोजी त्यांना एक महिना कैद आणि १००० रुपये दंड अशी शिक्षा झाली. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी तेथल्या तेथे भरली.

हा खटला वाङ्मयीन वाचनाचा एक नमुना म्हणून अभ्यासण्यासारखा आहे. आरोप दोन होते. पहिला नाटकाच्या प्रस्तावनेवर आधारलेला होता. तीत दीनबंधूंनी निळवाल्यांची तरफदारी करणाऱ्या दोन वृत्तपत्रांचा उल्लेख करून म्हटले आहे की, यहूदाने तीस रुपयांसाठी येशूला वैऱ्याच्या हाती दिले, तर हजार रुपयांच्या आशेने या वृत्तपत्रांनी गरीब प्रजेला निळवाल्यांच्या जबड्यात द्यावे यात नवल ते काय. हिंदू नाटककार ख्रिस्ती शोषकांना लाजविण्यासाठी ख्रिस्ती धर्मग्रंथातीलच दृष्टान्त वापरतो, आणि तो दृष्टान्त इंग्रजीत छापल्याबद्दल ख्रिस्ती धर्मोपदेशक ख्रिस्ती न्यायाधीशाकडून गुन्हेगार ठरतो. मिशनच्या शाळा आणि पुस्तके यांच्याद्वारे जी कथा एतद्देशीयांच्या हाती दिली गेली, तिचा अर्थ देणाऱ्याच्या ताब्यात राहिला नाही. यहूदा कोण, हे आता रयतेच्या बाजूने ठरविले जात होते.

दुसरा आरोप खालच्या बंगालमधील निळवाल्यांच्या संपूर्ण वर्गाची बदनामी केल्याचा होता. येथे वाङ्मयीन सत्याविषयीचे एक गृहीतक काम करीत होते. वुड आणि रोग ही पात्रे काल्पनिक आहेत, त्यांची नावेही उपहासगर्भ आहेत. कोणत्याही एका निळवाल्याने 'हा मीच' असे म्हटले नाही. तरीही पात्र हे वर्गाचे प्रातिनिधिक रूप आहे, म्हणून वर्गाची अब्रू गेली, असे मानले गेले. विलक्षण गोष्ट अशी की, प्रातिनिधिकतेचा हा सिद्धान्त पुढील शतकात वास्तववादी समीक्षेने शोषितांच्या बाजूने वापरला. येथे तो शोषकांनी न्यायालयात वापरला. वुड हा अपवाद आहे असे निळवाल्यांना म्हणता आले असते. परंतु आरसा आपल्यालाच दाखविला आहे, हे त्यांनी खटला भरून मान्य केले.

लाँग यांनी न्यायालयात आपले निवेदन वाचले. युरोपीय आणि एतद्देशीय यांच्यातील शांततेची चिंता मिशनऱ्याने वाहिलीच पाहिजे आणि त्यासाठी एतद्देशीयांच्या भावना देशी वाङ्मयातून राज्यकर्त्यांपर्यंत नेणे हे आपले कर्तव्य होते, असा त्याचा आशय होता. त्यात दुःखाच्या वर्णनाची आतषबाजी नाही. आपण ऐकलेले पुढे पोचविले, एवढाच दावा आहे. न्यायालयाने मात्र पोचविणारा आणि बोलणारा यांत भेद केला नाही. लेखक अज्ञात, भाषांतरकार अज्ञात. म्हणून जो ज्ञात होता तोच कर्ता ठरला. याच न्यायमूर्तींनी न्यायासनावरून बंगाली लोकांच्या खरेपणाविषयी काढलेल्या उद्गारांचा निषेध करण्यासाठी १८६१ मध्ये कलकत्त्यात सभा भरली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ज्यांची साक्ष मुळातच अविश्वसनीय मानली जाते, त्यांची साक्ष वाहून नेणाऱ्याची काय गत होते ते उघड होते.

६

लाँग यांच्या धैर्याविषयी आदर बाळगूनही काही प्रश्न विचारणे समीक्षेला टाळता येत नाही. रणजित गुहा यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'नीलदर्पण'वरील निबंधात हे नाटक उदारमतवादी आरशातील शेतकरी बंडाचे प्रतिबिंब असल्याचे दाखविले आहे. नाटकाची भिस्त रयतेच्या बंडावर नाही, न्यायी राज्यकर्त्यावर आहे. प्रस्तावनेत महाराणी आणि वरिष्ठ अधिकारी यांच्याविषयी आशा व्यक्त होते. दोष काही दुष्ट निळवाल्यांचा आणि त्यांच्या मित्रांचा, राज्य निर्दोष. नायकत्व सधन, सुशिक्षित नवीनमाधवाकडे जाते आणि तोरापचा संताप त्याच्या सेवेत खर्ची पडतो.

गुहा यांचे हे विवेचन मान्य करून त्याच्या पुढे जाणे शक्य आहे. १८५६ च्या मिशनरी अर्जात नीळ हा दारिद्र्याच्या अनेक कारणांपैकी एक होता. जमीनदारीही तितकीच आरोपी होती. १८६१ पर्यंत सारा प्रकाश निळवाल्यावर स्थिरावला. याला राजकीय कारणे होती. निळवाल्यांशी स्पर्धा असलेला देशी जमीनदारवर्ग या लढ्यात रयतेच्या बाजूने आला होता, आणि लाँग यांच्यामागे उभे राहिलेल्या कलकत्त्यातील प्रतिष्ठितांत जमीनदार मोठ्या संख्येने होते. परंतु वाङ्मयीन कारणही होते. नाटकाला खलनायक लागतो. चौकशीच्या अर्जात व्यवस्था आरोपी असू शकते, रंगमंचावर माणूस आरोपी लागतो. वुड आणि रोग हे जितके ठळक झाले, तितकी व्यवस्था पुसट झाली आणि बसू कुटुंबाची जमीन कोठून आली हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उठेनासा झाला. रूपाने सत्याला धार दिली, तशीच त्याची रुंदी कमी केली.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. नीळ आयोगापुढे १३४ साक्षी झाल्या. त्यांपैकी १५ सरकारी अधिकारी, २१ निळवाले, ८ मिशनरी, १३ जमीनदार आणि ७७ रयत होते. म्हणजे निम्म्याहून अधिक साक्षी ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच होत्या. मरण पत्करू पण नीळ पेरणार नाही, असे त्यांनी आयोगापुढे स्पष्ट सांगितले. 'निम्नस्तरीयाला बोलता येते काय' हा १९८८ नंतर सिद्धान्तचर्चेत रूढ झालेला प्रश्न येथे वेगळ्या प्रकारे विचारावा लागतो. रयत बोलली, शपथेवर, नोंद होईल अशा पद्धतीने बोलली. तिचे बोलणे अहवालात बंदिस्त झाले. सांस्कृतिक स्मृतीत मात्र राहिला तो एक नाटककार आणि एक पाद्री. हरिश्चंद्र मुखर्जींचा अकाली मृत्यू आणि लाँग यांचा तुरुंगवास यांवर लोकगीत झाले. ७७ जणांतील एकाचेही नाव कोणाच्या ओठी आले नाही. शोषिताच्या वतीने बोलणारा जितका मोठा होतो, तितका शोषित लहान होतो, ही साक्षीच्या वाङ्मयाची दुसरी विसंगती होय. लाँग यांनी मागे राहण्याचा प्रयत्न केला होता. त्यांना पुढे आणले ते शिक्षेने.

७

या ठिकाणी मराठीतील एक जवळजवळ समकालीन संहिता आठवणे उपयुक्त ठरेल. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि ते प्रथम छापले गेले १९७९ मध्ये. त्यातही गरोदर स्त्री आहे, दरिद्री शेतकरी आहे, शोषण आहे आणि एक पाद्रीही आहे. जोशी ग्रहांची भीती घालून कुणब्याच्या घराला कर्जात लोटतो. पाद्री त्या नवराबायकोशी वाद घालतो, विदूषक मधूनमधून फोडणी देतो आणि शेवटी ती दोघे शिकण्याचा निश्चय करतात.

दोन नाटकांतील पाद्र्यांची तुलना उद्बोधक आहे. फुले यांच्या नाटकात पाद्री रंगमंचावर आहे, पण तो साक्षीदार नाही, संवादक आहे. कुणब्याचे दुःख तो कोणा वरिष्ठाला कळवीत नाही. तो कुणब्याशीच बोलतो, आणि निर्णय कुणबी घेतो. 'नीलदर्पण'च्या प्रकरणात पाद्री रंगमंचाबाहेर आहे, संहितेच्या कडेला प्रकाशक म्हणून उभा आहे, आणि त्याचे बोलणे राज्यकर्त्यांशी आहे, रयतेशी नाही. एका नाटकाचा रोख शिक्षणाकडे, दुसऱ्याचा न्यायाकडे. फुले राज्यकर्त्याच्या कानाचा उपयोग जाणत नव्हते असे नाही. १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' हे त्याचे प्रमाण आहे. परंतु १८५५ मध्ये त्यांनी शोषिताला प्रथम श्रोता मानले. लाँग यांनी त्याला मूळ वक्ता मानले. अडथळ्याच्या युक्तिवादात त्याला या दोहोंपैकी एकही स्थान नव्हते.

एक भेद मात्र लाँग यांच्या बाजूने नोंदविला पाहिजे. मिशनऱ्याला जोशाविरुद्ध बोलणे सोपे होते. जोशाचा पराभव हा त्याच्या धर्माचा विजय होता. निळवाल्याविरुद्ध बोलण्यात त्याच्या धर्माचा कोणताही विजय नव्हता. ज्या कलकत्त्यात त्याला चर्चमध्ये उपदेश करावयाचा होता, त्याच कलकत्त्यातील युरोपीय समाज त्याच्यावर उलटणार होता, आणि तो उलटला. स्वतःच्या समूहाविरुद्ध दिलेली साक्ष आणि दुसऱ्याच्या समूहाविरुद्ध दिलेली साक्ष यांचे नैतिक मूल्य समान धरता येणार नाही. मिशनरी लेखनाच्या पुनर्मूल्यमापनात ही कसोटी वापरली तर 'उपकारकर्ता' आणि 'हस्तक' या दोन्ही शिक्क्यांची उपयुक्तता बरीच कमी होईल.

८

'नीलदर्पण' ७ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्याच्या नॅशनल थिएटरने तिकीट लावून रंगमंचावर आणले आणि बंगालच्या सार्वजनिक रंगभूमीचा आरंभ झाला. त्याच वर्षी लाँग यांनी हिंदुस्थान सोडले. तोरापची बोली, भाषांतरात जी हरवली होती, ती त्या रात्री पुन्हा ऐकू आली. आता श्रोता इंग्रज अधिकारी नव्हता. चार वर्षांनी, १८७६ मध्ये, सरकारने नाट्यप्रयोगांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. एका पाद्र्याला तुरुंगात टाकून जो प्रश्न मिटला असे वाटले होते, तो मिटला नव्हता.

परदेशी सेवेसाठी गेलेल्या माणसाच्या लेखनात दारिद्र्य आणि शोषण कसे येते, या प्रश्नाला या प्रकरणातून मिळणारे उत्तर करुणेच्या परिमाणात मोजता येत नाही. शुर यांची करुणा लाँग यांच्यापेक्षा कमी नव्हती. फरक पडला तो रूपाच्या निवडीने : स्वतःचे निवेदन बाजूला ठेवून दुसऱ्याच्या संहितेला वाट करून देण्याने. या निवडीने आवाजाचा पोत गेला, व्यवस्थेची रुंदी गेली, आणि ७७ साक्षीदारांवर एका साक्षीदाराची सावली पडली. हे सारे नुकसान मांडल्यावरही शिल्लक राहते ते असे की, जे रयतेच्या भाषेत निर्धोकपणे दुर्लक्षिता येत होते, ते राज्यकर्त्यांच्या भाषेत दुर्लक्षिणे अशक्य झाले. शोषिताच्या वतीने केलेल्या कोणत्याही लेखनाची, मग ते मिशनऱ्याचे असो, कार्यकर्त्याचे असो वा संशोधकाचे, परीक्षा करताना दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतील : त्याने कोणाचा आवाज कोणापर्यंत पोचविला, आणि पोचविताना त्या आवाजातील काय वाटेत सांडले. यांपैकी एकच प्रश्न विचारणारी समीक्षा गौरवग्रंथ लिहील किंवा आरोपपत्र. वाङ्मयाचा विचार तिच्याकडून होणार नाही.